देशकर मावशी आणि सांबरछाप शर्ट

देशकर मावशी भेटल्या की आधी "कसा आहेस, काय चाललंय" असलं काही नाही. थेट हात मानेमागे. दोन बोटांनी कॉलर उलटायची, चष्मा कपाळावर चढवून आतली पट्टी वाचायची, आणि मग पाठीत एक थाप घालून म्हणायचं, "हाव, पास! चल आता जेवायला." नव्या माणसाला वाटायचं, बाईंचा जीव लावायचा हा काहीतरी नागपुरी प्रकार असेल. अमेरिकेत मी शिकायला होतो त्या ॲन आर्बरच्या बसस्टॉपवर एकदा त्यांनी माझ्या प्रोफेसरांची कॉलर तपासली. सहा फुटांवर उंची, त्यात थंडीनं गारठलेले, तरी ते बिचारे मुकाट्यानं वाकून उभे राहिले. मी मात्र बसच्या वेळापत्रकात तोंड खुपसून, ही बाई माझी कुणीही लागत नाही असा चेहरा करून उभा होतो. बाईंनी लगेच हाक मारली, "काय वाचून राहिला रे तिथं? इकडं ये, तुझी बाकी आहे!"

त्या शोधत काय होत्या, तर सांबर. त्या भागात शिकारीच्या मोसमात घालायचे जाड चौकड्यांचे शर्ट आणि जाकिटं करणारी एक कंपनी होती. तिच्या प्रत्येक कपड्याच्या कॉलरमागे शिंगं फुटलेल्या एका जनावराचं तोंड विणलेलं असायचं. ते जनावर नक्की कुठलं हे आम्हा पुण्या-मुंबईच्या नि साताऱ्याच्या मंडळींना काय कळणार? पण आमच्या तिथल्या मराठी मंडळातल्या कुणीतरी त्याला सांबर म्हटलं आणि ती कंपनी आमच्यात कायमची 'सांबरछाप' झाली. कपडा दणकट, थंडीला उत्तम. मावशींचे यजमान देशकर काका मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर होते, त्यांचं अर्धं कपाट सांबरछाप होतं. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं ती. आमच्या भागात पिस्तूल विकत घेण्यावर थोडा लगाम घालावा, नाव नोंदवावं, घेणाऱ्यानं काही दिवस थांबावं, अशी चर्चा सुरू झाली. तर हा सांबरवाला मालक त्याच्याविरुद्ध दंड थोपटून उभा राहिला. तेवढ्यावर थांबला नाही. प्रत्येक नव्या शर्टाच्या खिशात एक छोटं कार्ड घालायला लागला, की या शर्टाच्या किमतीतला काही वाटा आम्ही तुमचा बंदुकीचा हक्क राखण्याच्या लढ्याला देतो.

आमच्यातल्या बहुतेकांनी ते कार्ड वाचलंही नसेल. आम्ही व्हिसा, ग्रीनकार्ड आणि घराचे हप्ते यांत बुडालेली माणसं. बंदूक हा गोऱ्यांचा प्रश्न, असं आमचं सरळ गणित होतं. मावशींचं गणित वेगळं होतं. त्या डेट्रॉइटच्या एका मोठ्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होत्या. राहायला शहराबाहेर नोव्हाय नावाच्या गावात, हिरवळ-बिरवळ असलेल्या घरात. पण दिवस जायचा तो गोळ्या लागून आलेल्या माणसांच्या उशाशी.

त्या वर्षीच्या गणपतीत, शाळेच्या भाड्याच्या जिममध्ये, आरती झाल्यावर मावशी माइकसमोर उभ्या राहिल्या. पातळाचा पदर खोचलेला, हातात काहीतरी घट्ट धरलेलं. म्हणाल्या, "मी काही भाषण नाही करून राहिले. मी भूल देणारी बाई. माझ्यासमोर लोक झोपतात, त्याची मला सवय आहे." लोक हसले. मग त्यांनी सांगितलं. "परवा एक पोरगा आणला. चौदा-पंधराचा असेल. दोघे दोस्त बापाच्या कपाटातलं पिस्तूल घेऊन खेळून राहिले होते. आमच्याकडे असा पेशंट आला की कपडे काढत नाही बसत, कापतात. मी डोक्याशी उभी. नर्सनं कात्री चालवली आणि कॉलर माझ्या हातात आली. तिच्यावर हे सांबर. आणि खिशातून निघालं हे कार्ड. बाप्पा! ज्या शर्टाला भोक पडलं, त्याच शर्टाच्या पैशानं पिस्तुलासाठी भांडून राहिले हे लोक. पोरगा नाही वाचला. मी काही मोर्चे काढणारी बाई नाही. पण शर्ट तर मी नाही घेणार. तुम्हीही नका घेऊ. बस, एवढंच."

मग मंडळाच्या सेक्रेटरी सबनीस वहिनी पुढे आल्या आणि त्यांनी गणपतीसमोरच ठराव मांडला, की आपल्यापैकी कुणीही हा माल घ्यायचा नाही. सगळे हात वर गेले. माझाही गेला. मी खोटं सांगत नाही, त्या क्षणी माझ्या डोळ्यांत पाणी होतं. नाही म्हणायला मागच्या टेबलावर पुऱ्या निवत होत्या, त्यामुळे ठरावावर फारशी चर्चा झाली नाही.

मावशींनी तो ठराव अक्षरशः पाळला. पुढच्याच शनिवारी काकांची सगळी सांबरछाप जाकिटं दोन पिशव्यांत भरून त्या दुकानात गेल्या. सामान उचलायला म्हणून मला बरोबर घेतलं. काउंटरवरच्या मुलीनं गोड हसून विचारलं की साइझ चुकला का? मावशी म्हणाल्या, "साइझ इज गुड. ओनर इज नॉट गुड." मुलगी पैसे परत करायला निघाली तर त्या म्हणाल्या, नको, फक्त परत घे. मुलीला ते कुठल्याच रजिस्टरात बसवता येईना. मागे रांग वाढत चाललेली. मी हळूच मोज्यांच्या स्टँडमागे सरकलो आणि एक मोजा फार बारकाईनं पाहू लागलो. शेवटी मॅनेजर आला, त्यानं पिशव्या ठेवून घेतल्या. बाहेर आल्यावर मावशी गाडीत बसल्या आणि मला म्हणाल्या, "मोज्यात काय होतं रे एवढं? भैताडच आहेस." त्या हिवाळ्यात देशकर काका स्वेटरवर स्वेटर चढवून कामावर जायचे. विचारलं तर म्हणायचे, "घरात हायकमांड आहे बाबा."

आता माझ्याबद्दल त्यांनी काय काय केलं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. पहिल्या हिवाळ्यात मला ताप आला तेव्हा ही बाई हॉस्पिटलची ड्यूटी आटोपून, बर्फातून गाडी चालवत ॲन आर्बरला आली आणि माझ्या एका खोलीच्या स्वयंपाकघरात तिनं डाळीचे तिखट गोळे घातलेला वऱ्हाडी गोळाभात केला. त्यावर फोडणीचं तेल ओतताना म्हणाली, "तुम्हा साताऱ्याच्या लोकांना तिखट चालते म्हणे. पाहू." मी रडलो. तिखटानं की कशानं, कोण जाणे. तेव्हापासून आठवडा-पंधरवड्यानं त्यांच्याकडे जेवण ठरलेलं. निघताना दारात उभ्या राहून म्हणायच्या, "पोचल्यावर फोन करजो. आणि खोटं नको बोलू की विसरलो."

खोट्याचा त्यांना मनस्वी तिटकारा. म्हणायच्या, "भूल देताना मी पेशंटला विचारते, सकाळपासून काही खाल्लं का? माणूस लाजेपायी नाही म्हणतो. खाल्लं असेल तर जीव जातो त्याचा. लाज वाटली तर वाटू द्यावी रे, पण खरं सांगावं."

तर ठराव झाला, आणि व्हायचं तेच झालं. चर्चमधल्या बायका, डॉक्टर, विद्यार्थी अशा बऱ्याच लोकांनी त्या कंपनीचा माल घेणं थांबवलं असावं. शिवाय त्या वर्षी थंडी उशिरा पडली. कारण काही असो, सांबरछाप शर्टांचे ढीग पडून राहिले आणि हायवेच्या कडेच्या त्यांच्या फॅक्टरी दुकानात किंमत निम्म्याच्याही खाली आली. आणि नेमकी ती वेळ आमच्या लोकांची भारतात जायची, नाहीतर जाणाऱ्याच्या बॅगेत सामान सारायची. आता पुतण्या, भाचा, मेहुणा, शेजारी, प्रत्येकाला अमेरिकेचं काहीतरी हवं असतं, आणि ते अमेरिकेचं आहे हे लांबून दिसायलाही हवं असतं. सबनीस वहिनींनी यावर जो तोडगा काढला तो कुठल्या वकिलालाही सुचला नसता. त्या म्हणाल्या, "आपण इथे घालायचा नाही असं ठरलंय ना? तिकडे कुठे कुणाकडे पिस्तुलं आहेत? तिकडे न्यायला काय हरकत आहे?"

हे ऐकून मी हसलो नाही की रागावलोही नाही. मला हायसं वाटलं. साताऱ्याला माझा धाकटा भाऊ दिलीप कॉलेजात होता. त्याच्या वर्गातल्या कुणाकडे तसा शर्ट होता. त्यानं मला कधी नव्हे ते काहीतरी मागितलं होतं, "दादा, सांबर असलेलाच आण." स्कॉलरशिपवर जगणाऱ्या माणसाला त्या किमतीत भावाची हौस पुरवता येत होती. मी गेलो आणि तांबड्या चौकड्यांचा एक शर्ट घेतला. दुकानात आमच्या मंडळाची आणखी दोन कुटुंबं दिसली. आम्ही एकमेकांना ओळख दिली नाही.

आमच्यात पार्सलांची पद्धत अशी होती. कुणी भारतात निघालं की बाकीच्यांनी आपापली पुडकी नाव-पत्ता लिहून सबनीस वहिनींच्या तळघरात आणून टाकायची. जाणारा ती बॅगेत कोंबून न्यायचा. पार्सल उघडून बघायचं नाही, हा अलिखित नियम. त्या वर्षी दुसरंच एक कुटुंब जाणार होतं आणि पुडकी त्यांच्यासाठी साठली होती. ऐन वेळी त्यांच्या मुलाला गोवर निघाला आणि त्यांनी जाणं कॅन्सल केलं. त्याच आठवड्यात नागपूरहून तार आली. मावशींचे मोठे भाऊ नाना, ज्यांनी वडलांच्या माघारी त्यांना डॉक्टर केलं, त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. मावशी एकट्याच निघाल्या. आणि जाता जाता, सवयीप्रमाणे, सबनिसांकडे फोन करून म्हणाल्या, "माझ्या बॅगा मोकळ्या आहेत. कुणाचं काही न्यायचं आहे का?"

सबनीस वहिनी नाही म्हणू शकल्या असत्या. मला त्यांचा फोन आला तेव्हा त्याही गोंधळल्या होत्या. "अरे, पुडकी त्यांना माहीत आहेत. नाही कसं म्हणू? कारण काय सांगू?" मी म्हणालो, "त्या उघडून थोड्याच बघणार आहेत." हे मी म्हणालो, दुसऱ्या कुणी नाही.

विमानतळावर मावशींना सोडायला मीच गेलो. काका कामावरून परस्पर येणार होते. काउंटरवर बॅगांचं वजन जास्त भरलं. मावशी तिथेच जमिनीवर फतकल मारून बसल्या आणि बॅग उघडून स्वतःचं सामान काढायला लागल्या. दोन पातळं काढली, बदामांची पिशवी काढली, नि मग नानांसाठी घेतलेली एक मऊ, जाड रजई बाहेर ओढली. मी म्हणालो, "मावशी, ही राहू द्या. पार्सलं काढा त्यापेक्षा. पुढच्या वेळी जातील." खरं तर यापुढचं एकच वाक्य मला बोलायचं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "नागपुरात रजया मिळतात रे. लोकांनी हौसेनं काय काय घेतलं असते. तिकडं पोरं वाट पाहून राहिली असतील." असं म्हणून त्यांनी रजई माझ्या हातात दिली, माझ्या पुडक्यावरचा पत्ता वाचला आणि हसल्या. "दिलीपसाठी ना? मी स्वतः देईन नेऊन. तुझी आई पाहायची आहे मला, कसं तिखट खाऊ घालते ते."

मी रजई छातीशी धरून उभा राहिलो. तेवढ्यात काका आले, हार आणला होता, फोटो काढले. त्या फोटोत मी आहे, रजईसकट. अजून आहे तो फोटो माझ्याकडे, आणि अजूनही तो हातात आला की मी उलटा ठेवतो.

त्या गेल्यावर महिना-दीड महिना मी स्वतःला समजावत होतो. पार्सल काय, पोस्टानं पाठवतील. दिलीप शर्ट घालून कुठे त्यांच्यासमोर उभा राहणार आहे? तिकडून एवढंच कळलं होतं, की नाना हळूहळू सुधारत आहेत. मग एका रविवारी मी साताऱ्याला फोन लावला. फोन खालच्या मजल्यावरच्या वकिलांकडे, आईला हाक मारून बोलवायचे. आई धापा टाकत आली आणि आनंदानं ओरडूनच बोलायला लागली.

"अरे, तुझ्या मावशी येऊन गेल्या! एष्टीनं आल्या बघ, एवढ्या मोठ्या डॉक्टर. दोन दिवस राहा म्हटलं तर नाही राहिल्या, पुण्याला आणखी पार्सलं द्यायची होती म्हणे. दिल्यानं लगेच शर्ट घातला. मी म्हटलं, अरे नवीन कपडा अंगावर घातलास, मावशींच्या पाया पड. तर तो वाकला. त्यांनी त्याची कॉलर सरळ केली, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, औक्षवंत हो. रडल्याच रे त्या. केवढी माया!"

ट्रंक कॉलचे पैसे जातात म्हणून आई भराभर बोलत होती.

"आणि खिशातनं एक कार्ड निघालं. इंग्रजी बारीक अक्षर, मला काय वाचता येतंय? मी त्यांनाच विचारलं, काय हो लिहिलंय? तर त्यांनी वाचलं, घडी घालून आपल्या पर्समधे ठेवलं आणि म्हणाल्या, शर्ट थंड पाण्यात धुवा असं लिहिलं आहे. तेव्हापासून मी थंड पाण्यातच धुते बघ. रंग जरासुद्धा गेला नाही."

जन्मात एकदाही लाजेपायी खोटं न बोललेली ती बाई माझ्या आईच्या घरात बसून खोटं बोलली होती, आणि ते माझी लाज झाकायला. दिलीपला नि आईला मी अमेरिकेत कसा वागतो हे कळू नये म्हणून. मी फोन ठेवला आणि त्या दिवशी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी जेवलो, कारण माणूस जेवतोच.

मावशी परत आल्या. जाताना मुंबईच्या कस्टममध्ये काय घडलं होतं ते मला काकांनी सांगितलं. तिथल्या माणसानं बॅग उघडली, एक पुडकं फाडलं, शर्ट निघाला. दुसरं फाडलं, शर्ट. तिसरं, शर्ट. सगळ्यांवर तेच सांबर. तो म्हणाला, "बाई, एकाच मार्क्याचा एवढा माल? धंदा करता का? दुकान आहे का तुमचं?" मावशी बघतच राहिल्या. पार्सलांवर प्रत्येकाचं नाव होतं. "दुसऱ्यांचं सामान आहे, मला माहीत नव्हतं," असं म्हणून त्या सुटू शकत होत्या. पण त्या म्हणाल्या, "हाव. माझंच आहे सगळं." काय लागली ती ड्यूटी भरली, फाटलेली पुडकी पुन्हा बांधली आणि नागपूरला भावाकडे गेल्या. काका हे सांगताना रागावलेले नव्हते, हे त्यातल्या त्यात वाईट. ते फक्त म्हणाले, "तुम्ही मुलांनी मागितलं असतंत ना, तर दुसऱ्या कंपनीचे शर्ट तिनं स्वतः घेऊन दिले असते रे."

मी रजई परत द्यायला गेलो. कसं बोलायचं ते पाठ करून गेलो होतो. मावशींनी दार उघडलं, रजई पाहिली आणि म्हणाल्या, "राहू दे तुझ्याकडेच. नानाला वहिनीनं नवी करून दिली. तुझ्या खोलीत थंडी असते." मी म्हणालो, "मावशी, तो शर्ट..." त्या स्वयंपाकघराकडे वळल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "दिलीप गुणी पोरगा आहे. तांबडा रंग शोभते त्याला." मग त्यांनी वाढलं, मी खाल्लं. तिखट होतं. पुढचे दोन हिवाळे मी ती रजई पांघरली, आणि तिच्यात ऊब होती.

गुढीपाडवा आम्ही सोयीनं येणाऱ्या शनिवारी साजरा करायचो. पुन्हा तीच जिम, पुन्हा नवे कपडे. मावशी दारातून आत आल्या तशा सगळ्यांनी आपापल्या कॉलरी नीट केल्या. प्रत्येकाच्या कानावर काही ना काही आलेलं होतं. इथे कुणाच्याही अंगावर सांबर नव्हतं, कॉलरी सगळ्यांच्या स्वच्छ होत्या. सबनीस वहिनी उगाचच मोठ्यानं हसल्या आणि नवऱ्याला पुढे ढकलून म्हणाल्या, "घ्या मावशी, यांची तपासा आधी!" मावशीही हसल्या. म्हणाल्या, "छान आहे शर्ट. चला, श्रीखंड आणलं ना कोणी?" आणि पुढे गेल्या. एकेकाशी बोलत, चौकशी करत गेल्या. हात कुणाच्याही मानेमागे गेला नाही.

त्यानंतर पुष्कळ वर्षं मावशी होत्या. मला नोकरी लागली, लग्न झालं, माझ्या मुलीचं बारसं त्यांच्याच घरी झालं. सांबरछाप कपडा त्यांनी अखेरपर्यंत घरात आणला नाही. मात्र दुसऱ्या कुणाला 'घेऊ नका' असं त्या पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत, आणि भारतात जाताना "कुणाचं काही न्यायचं आहे का" हा फोन एकदाही चुकवला नाही. गेल्या त्या झोपेतच. काका म्हणाले, भूल देणाऱ्या बाईला शोभेल अशा गेल्या.

पण मला आठवतो तो पाडवाच. सगळे पानावर बसल्यावर मी त्यांना नमस्कार करायला गेलो. नवा शर्ट होता, बिनसांबराचा, मुद्दाम तसा बघून घेतलेला. मी वाकलो आणि वाकलेलाच राहिलो, मान पुढे करून, कॉलर जरा सैल सोडून. वाट पाहत होतो की आता दोन बोटं येतील, पट्टी वाचली जाईल आणि पाठीत थाप बसेल. मावशींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. दिलीपच्या ठेवला असेल तसाच. म्हणाल्या, "औक्षवंत हो. उठ आता, पुऱ्या निवून राहिल्या."